पाइपाजवळचं झाड

अठरा वाण, तीन रेप्लिकेशन.
काटोल रोडच्या पलीकडच्या काळ्या रानात
जानेवारीच्या थंडीत तंबाखू उभी आहे,
गुलाबी फुलांची, अंगानं चिकट.
एक ओळ मोजली की बोटं डांबरासारखी.

उईके टोकावरून आकडे ओरडतो.
वीस वर्षांच्या खर्र्यानं त्याचा जबडा आवळलाय,
तोंड दोन बोटांच्या वर उघडत नाही,
त्यामुळे एकवीस आणि एकतीस
मला सारखेच ऐकू येतात.
मी पुन्हा विचारते.
तो पुन्हा सांगतो, तसंच.

शेतात शिरण्याआधी बादली.
दुधाची भुकटी कालवलेलं पाणी,
कारण खाणाऱ्याच्या बोटांवरून
झाडाला रोग जातो, तंबाखूचाच तंबाखूला.
तो मनगटापर्यंत हात बुडवतो:
"घरी चहात पडत नाई दूध, मॅडम,
अन् इथं हाताले आंघोळ."

मला मायबाप निवडायचे आहेत.
पान रुंद हवं, निकोटिन कमी हवं,
असं ढोबळे सरांनी लिहून दिलंय.
"कमी किकची कोन खाईन?"
ह्या प्रश्नाला माझ्या तक्त्यात रकाना नाही.

रात्री धंतोलीच्या खोलीत
मी झाडाझाडांतला फरक वाटून देते.
एवढा रक्ताचा, एवढा मातीचा,
आणि उरलेला त्या ओळीत
जिला पुस्तकं नुसतं 'त्रुटी' म्हणतात.
तिथं पडते बांधावरच्या कडुनिंबाची
दुपारी तीनची सावली,
तिसऱ्या रेप्लिकेशनमध्ये घुसून
एकच घास घेऊन पस्तावलेली शेळी,
माझा तापातला मंगळवार,
एकवीस की एकतीस.

निकोटिन शंभरातलं एक्याण्णव रक्तातून येतं.
पानांचं वजन जेमतेम अडतीस.
बाकीचे बासष्ट पाण्याचे, हवेचे,
कुणी कधी खुरपलं त्याचे.

अकरा नंबर उईकेचा लाडका.
पहिल्या रेप्लिकेशनमध्ये छातीपर्यंत आलेला,
पानं सुपाएवढी.
"याले बाप करा."
मी त्याला दुसरा अकरा दाखवते, मग तिसरा,
दोन्ही गुडघ्याच्या थोडे वर, पिवळट.
पहिल्याशेजारी पाइप गळतोय ऑक्टोबरपासून.
"तो पाण्यानं वाढलाय, उईके. पोरांना ती उंची देणार नाही."

तो बराच वेळ पाइपाकडं पाहतो.
चिखलात पाखरांची पावलं उमटलेली.
"मंग मी बी पाइपापाशी असतो तं?"
मी सांगते, हा आकडा माणसांचा नाही.
तंबाखूचासुद्धा नाही सगळ्या.
ह्या अठरांचा, ह्या रानाचा, ह्या हिवाळ्याचा.
पुढच्या साली, दुसऱ्या बांधापलीकडं,
हाच आकडा दुसरा निघेल.
मी हे परीक्षेत लिहिलं होतं, पैकीच्या पैकी मिळाले होते.
इथं बोलताना मात्र
माझा आवाज मला शिक्षकाचा वाटतो.

त्याची पोरगी बुटीबोरीत नर्सिंगला आहे,
हे त्यानं आत्ता सांगितलं, सहा महिन्यांनी.
"फी भरून राहिलो," एवढंच.
मी ते कुठंही लिहून घेत नाही.

पहाटे सहाला आम्ही कळ्या उघडतो,
उद्या फुलल्या असत्या अशा.
चिमट्यानं पाचही पुंकेसर काढायचे,
आत कशालाही धक्का न लावता.
माझे हात गारठून थरथरतात, त्याचे नाही.
सातची कळी, चौदाचा पराग.
सात दिसायला मळकट, कुणी फोटो काढणार नाही तिचा,
पण तिन्ही ठिकाणी तशीच आली,
सावलीत, उन्हात, शेळीनंतर.
वर कागदी पिशवी, दोऱ्याची गाठ, चिठ्ठी: ७ × १४.

दोन महिन्यांनी बोंडं वाळतील.
बी धुळीएवढं, शिंकलं की प्रयोग उडाला.

जाता जाता मी पाइप दुरुस्त करायला सांगते.
उईके पान्हा आणतो, वाकतो, थांबतो.
"काहून, मॅडम? मोजून झालं ना?"
अकरा नंबर अजून फुलातच आहे.
"राहू द्या मग," मी म्हणते,
आणि वहीत त्या दिवशीच्या तारखेपुढं
काहीच लिहीत नाही.